कडुदोराची शेवटची बाटली

शैलजा चौगलेच्या हातून वीस वर्षांत एकही बाटली नासली नव्हती, आणि ही गोष्ट दुसरं कुणी गावाला सांगेल याची तिनं कधी वाट पाहिली नाही. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे बाटलीत रोपं वाढवायच्या, धंद्यात नासणं म्हणजे मोठी बदनामी. जॅमच्या बाटलीत मिडियाचा, म्हणजे रोपाच्या खुराकाचा, थर, त्यावर मोहरीएवढा कोंब, आणि त्यात बुरशीचा एक कण जरी शिरला तरी दोन दिवसांत तळाशी पांढुरकी झाक येते. मग बाटली ऑटोक्लेव्हच्या कोंडलेल्या वाफेत उकळून फेकून द्यायची. बाकीच्या बायकांच्या शंभरात पाच-सहा जायच्या. शैलजाचा आकडा शून्य. केळी, जरबेरा, ऊस, काहीही द्या, शून्य.

घरातही तोच खाक्या. दुधाच्या पिशवीला साबण लावून मगच ती फ्रिजमध्ये ठेवणार. तिचा भाऊ दिगंबर म्हणायचा, "आक्का, तू देवाला पण आधी स्पिरिट लावशील आणि मग कुंकू."

दिगंबर तिच्याहून आठ वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, वीजखात्यात वायरमन म्हणून चिकटला तेव्हा पेढे वाटले, त्याचं लग्न लावलं. पुढं त्याची बायको सहा वर्षांच्या शर्वरीला मागं ठेवून गेली, तेव्हा शर्वरीही शैलजाच्याच पदरात आली. या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहिलं. दळण आणायचं राहावं तसं ते राहिलं आणि तिला त्याचं फार वाईटही वाटलं नाही. आजऱ्याच्या त्या तीन खोल्यांत तिघांचं बरं चाललं होतं.

एक्केचाळिसाव्या वर्षी दिगंबरला रक्ताचा कॅन्सर निघाला. हा कॅन्सर चालीनं संथ. पेशीतल्या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि चुकून एकमेकांना जोडले जातात. त्या चुकीच्या जोडातून एक प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला सारखा एकच हुकूम सोडत राहतं, वाढ, आणखी वाढ. अस्थिमज्जा पांढऱ्या पेशींनी तुंबून जाते. दिगंबर लोकांना आपल्या भाषेत सांगायचा, "स्विच शॉर्ट झालाय. दाबला तरी बंद हुईना." यावर जुनी, चांगली गोळी होती. त्या प्रथिनाला एक खाच असते, गोळी तिथं जाऊन बसते आणि स्विच बंद पडतो. सात वर्षं तो रोज एक गोळी खाऊन खांबावर चढत होता. मग पेशींनी ती खाचच बदलली. दुसरी गोळी आणली, तिसरी आणली. खाच पुन्हा पुन्हा बदलली आणि गोळ्यांना बसायला जागाच उरली नाही.

त्या वेळी दोरीन आलं. कडुदोर नावाची एक वेल आहे, दोरखंडासारखी जाड आणि जिभेला कडूजहर. तिच्या सालीतून निघालेलं हे औषध खाचेच्या भानगडीत पडतच नाही. पेशीत प्रथिनं घडवणारा जो कारखाना असतो, त्याचंच काम ते मंद करतं. स्विच घडलाच नाही तर चालू काय राहणार? सकाळ-संध्याकाळ पोटावर सुई घ्यायची आणि बोटाचा थेंब घरच्या यंत्रावर ठेवून पांढऱ्या पेशी मोजायच्या. दिगंबरचा आकडा महिन्याभरात सव्वा लाखावरून नऊ हजारांवर आला. अडचण एकच होती. हे औषध रोग मुळातून उपटत नव्हतं, नुसतं दाबून धरत होतं. सुई थांबली की रोग परत उसळणार.

आणि औषध फार थोडं होतं. त्याचा रेणू इतका वेडावाकडा, की रसायनं मिसळून करायला गेलं तर चाळीस पायऱ्यांत सगळा माल वाटेतच संपायचा. जंगलातल्या वेली ठेकेदारांनी दोन वर्षांत मुळासकट ओरबाडल्या होत्या. म्हणून आजऱ्याबाहेर एक युनिट निघालं. वेलीच्या पेशी बाटल्यांत वाढवायच्या, मग टाकीत सोडायच्या, आणि टाकीतून दोरीन काढायचं. सगळ्या देशात चारशे बारा रुग्ण त्या एका टाकीवर जगत होते, आणि माल कसाबसा पुरत होता. उत्पादन वाढवायला त्यांना चांगल्या हाताचं माणूस हवं होतं. शैलजानं केळीची नोकरी सोडली आणि तिथं गेली. भावाचं औषध आपल्याच हातानं करायचं, याहून दुसरं काय हवं होतं तिला?

पहिल्याच दिवशी तिनं कपाळाला हात लावला. शंभरातल्या तीस बाटल्यांच्या तळाशी ती पांढुरकी झाक. आधीचे टेक्निशियन पोवारमामा, साठीला आलेले, तंबाखूचा बार भरून खिडकीशी उभे.

"मामा, हे काय वो? एवढ्या बाटल्या कंटॅम झाल्यात आणि तुम्ही ठेवल्यात कशाला?"

"ऱ्हाऊ द्या की," मामा म्हणाले. "ती पसरत न्हाई का मारत न्हाई. नांदतीय बिचारी. हिरवा जीव पण बरा हाय तिच्यासंगट."

"नांदायला ही काय सासुरवाडी हाय?" शैलजा म्हणाली, आणि तिनं बाह्या सरसावल्या.

पंधरा दिवसांत तिनं अकराशे बाटल्या उकळल्या. वेलीचा अगदी टोकाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा कोंब काढून, बुरशीनाशकात बुडवून, तीनदा धुऊन, नव्यानं लावला. असे कोंब निर्मळ असतात, हे तिला केळीनं शिकवलं होतं. नव्या बाटल्या काचेसारख्या नितळ निघाल्या. पेशी दुपटीनं वाढल्या. पोवारमामांना बाटल्या धुण्याच्या कामाला लावलं. युनिटच्या प्रमुख डॉ. इनामदार बाईंनी शैलजाची पाठ थोपटली, आणि घरी येऊन तिनं ती थाप दिगंबरला दोनदा वर्णन करून सांगितली.

पहिली स्वच्छ टाकी भरली. तीन आठवड्यांनी माल काढला. त्यात दोरीन नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. दुसरी टाकीही तशीच गेली. मग तापमान बदलून पाहिलं, उजेड बदलून पाहिला, साखर बदलली. शिल्लक साठ्यातून रुग्णांना औषध जात राहिलं आणि तो साठा महिन्यामहिन्यानं आटत गेला.

जुलैच्या शेवटी इनामदार बाईंनी शैलजाला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"शैलजाताई, घरी दही कशानं लावता?"

"विरजणानं. का हो?"

"दूध वेलीचं होतं, विरजण त्या बुरशीचं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ती बुरशी वेलीच्या आतच राहते. वेल अर्धा रेणू बनवून देते, बुरशी तो पुरा करते. एकटी वेल काही करत नाही, एकटी बुरशीही नाही. जुन्या नोंदी मी आता ताडून पाहिल्या. ज्या आठवड्यात झाक जास्त, त्या आठवड्यात दोरीन जास्त. मी पण पाहिलं नव्हतं. चूक माझीही आहे."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे शैलजा आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आली होती. युनिटमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींचा साठा होता, पण नियमच असा, की नासकी बाटली त्यात जायची नाही. तिथंही सगळं स्वच्छ. जंगलात माणसं धाडली, त्यांना लांब कुठं दोन वेली सापडल्या, पण त्यांत ती बुरशी नव्हती. अकराशे बाटल्यांतलं विरजण तिनं स्वतःच्या हातानं उकळून टाकलं होतं.

घरी येऊन तिनं दिगंबरला सगळं सांगितलं. लपवायचं तरी कुणापासून? सांगताना तिला हुंदका आवरेना. तो पलंगावर उशी पाठीशी घेऊन बसला होता. साठ्यातलं त्याच्या वाट्याचं औषध आठवडाभर पुरेल एवढं उरलं होतं.

"म्हणजे माझ्या औषधाला तू आंघोळ घातलीस," तो म्हणाला.

"हसू नको रे दिगू."

"मग काय करू? रडायला तू हाईस की." त्यानं तिचा हात ओढून जवळ घेतला. "आक्का, ऐक. मला मरायचं वाईट वाटत न्हाई, असं म्हणणार न्हाई मी. लई वाईट वाटतंय. पण माझं एकच मागणं हाय. शरू एकवीस ऑक्टोबरला उतरतीय. तोवर मला टिकव, कसं पण."

शर्वरी मर्चंट नेव्हीत कॅडेट होती, पहिल्याच जहाजावर, अटलांटिकात कुठंतरी. मधेच उतरली असती तर तिची समुद्रावरच्या दिवसांची नोंद तुटून सगळं वर्ष पाण्यात गेलं असतं. दिगंबरनं शैलजाला शपथ घातली होती, पोरीला कळवायचं नाही. व्हिडिओ कॉलला तो दिव्याच्या उजेडात बसायचा आणि दाढी करून घ्यायचा. "जरा अशक्तपणा हाय," म्हणायचा.

डॉक्टरांनी हिशेब स्वच्छ सांगितला होता. दोरीन थांबल्यावर इतरांचे काही महिने निघतील, पण दिगंबरचा रोग फार पुढं गेलेला, त्याला सहा आठवडे, फार तर सात. शर्वरी यायला दहा होते.

अकरा ऑगस्टला दुपारी पोवारमामा शैलजाच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. कागद सोडला तशी शैलजानं बाटली उजेडाकडं धरली. निम्म्याहून जास्त पेशी तपकिरी पडल्या होत्या, पण कडेला थोडं हिरवं होतं, आणि तळाशी ती पांढुरकी झाक.

"तुम्ही उकळायला सांगितल्या तवा एक ठेवली," मामा म्हणाले. "घरी खिडकीत होती. बुरशी पायजे हे चार दिवसामागं कळलं, पण हिंमत झाली न्हाई आणायची. नियम मोडला म्हणून काढून टाकतील वाटलं. पण जिवंत होती वो. जिवंत जिनसाला कसं उकळायचं?"

शैलजानं खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मामा संकोचून मागं सरकले.

इनामदार बाईंनी बाटली भिंगाखाली पाहिली, दोनदा पाहिली, आणि खुर्चीत बसल्या. "जीव आहे. पण थोडाच," त्या म्हणाल्या. "याचे दोन भाग केले तर दोन्ही मरतील. हे पुढं वाढवलं, एकाच्या चार बाटल्या, चाराच्या सोळा, तर जानेवारीत टाकी चालू होईल. सगळ्यांसाठी. आणि यातलंच औषध आज काढून घेतलं..." त्या थांबल्या. "तुमच्या भावाचा डोस मला माहीत आहे. बत्तीस दिवस पुरेल."

"जानेवारीपर्यंत तो..."

"नाही. बत्तीस दिवस धरूनही नाही."

"पण ऑक्टोबर गाठेल?"

बाईंनी मान हलवली. गाठेल.

"ताई, ही बाटली कुठल्या कागदावर नाही," त्या म्हणाल्या. "पोवारांनी ती तुम्हाला दिली आहे, मला नाही. उद्या नऊ वाजता मी लॅमिनार लावते. तुम्ही सांगाल ते करू. मी कुणाला एक शब्द बोलणार नाही."

माणसाला असा मोकळा हात देणं हा केवढा जुलूम असतो, ते बाईंना कळलं असेल का, कोण जाणे. शैलजा बाहेर आली तेव्हा ऑफिसातला फोन वाजत होता. परभणीची एक बाई दर सोमवारी फोन करून विचारायची, औषध कधी येणार, मिस्टरांचा आकडा ऐंशी हजारावर गेलाय. तो नेमका सोमवार होता. शैलजानं फोन घेतला आणि नेहमीसारखं सांगितलं, "प्रयत्न चालू आहेत, मॅडम." त्या बाईनं तिलाच धीर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोहे केले. दिगंबरनं दोन घास खाऊन बशी बाजूला ठेवली. यंत्रावरचा आकडा एक लाख दहा हजार. तो खिडकीबाहेर बघत होता. बोलला तेव्हा नेहमीचा मिश्किल सूर त्यात नव्हता.

"आक्का, काही उरलंय का गं कुठं? एखादी बाटली? कोपऱ्यात, कपाटात? जास्त नगं मला. पोरगी उतरेपर्यंत."

शैलजाच्या हातात त्याच्या पाण्याचा पेला होता. एका क्षणात तिच्या मनात सगळं येऊन गेलं. खरं सांगितलं तर तो काय म्हणेल? 'सगळ्यांच्यासाठी लाव' म्हणाला, तर त्याचा तो मोठेपणा तिला जन्मभर सोसवणार नव्हता. 'मला दे' म्हणाला, तर तिला नाही म्हणता आलं नसतं. लहानपणी त्यानं मागितलेला भाकरीचा तुकडाही तिनं कधी नाकारला नव्हता. आणि दिलं, तर जे एकदा चुकून मारलं ते आता जाणूनबुजून मारायचं होतं.

"नाही रे," ती म्हणाली. "सगळं शोधलं. काही नाही उरलं."

"असू दे," तो म्हणाला. "इचारून बघितलं."

नऊ वाजता ती लॅमिनारसमोर, गाळलेल्या हवेच्या त्या कपाटासमोर, बसली. स्पिरिटचा दिवा पेटवला, चिमटा लाल केला. बाटलीतला हिरवा तुकडा तिनं उचलला आणि या खेपेला तो धुतला नाही. तळाची झाक जशीच्या तशी बरोबर घेऊन तिनं नव्या मिडियावर ठेवला. इनामदार बाई शेजारी उभ्या राहून नोंदवहीत तारीख, वेळ आणि बत्तीस दिवसांचा हिशेब उतरवत होत्या; लावलेली बाटली कागदावर आणावीच लागत होती. शैलजाचा हात जरासुद्धा कापला नाही, आणि त्याबद्दल तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही.

दिगंबर सात आठवडे काढून गेला. शेवटच्या दिवसांत त्याला महिना-वार कळेनासा झाला होता, पण एक प्रश्न पक्का होता. दोन ऑक्टोबरला सकाळी त्यानं विचारलं, "आजून किती?"

"एकोणीस दिवस, दिगू."

"लई झाले गं," तो म्हणाला. दुपारी तो गेला.

शर्वरी आली ती मुंबईला उतरून थेट रात्रीच्या गाडीनं. घरी फोटोला हार होता. ती ओरडली नाही. बॅग खाली न ठेवताच आत्तीच्या कुशीत शिरून रडली. "मला का नाही कळवलं? मी उडी मारून आले असते," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शैलजानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाटलीची गोष्ट तिच्या ओठांवर आली होती, पण ती मूग गिळून गप्प बसली.

जानेवारीत टाकी चालू झाली. चारशे बारांपैकी तीनशे सत्तर जण तोवर तगले होते. परभणीच्या बाईनं मिस्टरांचा आकडा कळवला, अकरा हजार, आणि फोनवरच रडली. मार्चमध्ये कंपनीनं सभागृहात शैलजाचा सत्कार ठेवला. शर्वरी सुट्टीवर होती, ती नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. शैलजानं नको नको म्हटलं होतं, पण सत्कार अशा कुणाच्या नको म्हणण्यानं थांबत नसतात.

शाल झाली, श्रीफळ झालं. मग कंपनीचे अध्यक्ष बोलायला उठले. त्यांनी फाइलमधला त्या दिवसाच्या नोंदीचा कागदच वाचून दाखवला. "बारा ऑगस्ट, सकाळी नऊ. जगातली शेवटची एक बाटली. त्यातून फक्त एका माणसाचं बत्तीस दिवसांचं औषध निघालं असतं. पण शैलजाताईंनी ती सर्वांसाठी लावली! आणि मित्रहो, तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ याच आजारानं अंथरुणावर होता."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. पोवारमामांनी डोळ्यांना रुमाल लावला. पहिल्या रांगेत एकटी शर्वरी बसून होती, आणि तिची बोटं मांडीवर हळूहळू काहीतरी मोजत होती. शैलजानं व्यासपीठावरून ते पाहिलं.

दोघी घरी आल्या. शैलजानं चहा टाकला. शर्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बत्तीस दिवस. दोन ऑक्टोबरनंतर एकोणीस दिवसांनी मी आले. म्हणजे तेरा दिवस मला बाबा मिळाले असते. बरोबर ना, आत्ती?"

"बरोबर."

"त्यांना माहीत होतं?"

शैलजानं गॅस बंद केला. अजूनही खोटं बोलता आलं असतं. 'त्यानंच सांगितलं सगळ्यांसाठी लाव म्हणून,' एवढं एक वाक्य, आणि पोरगी बापाचा अभिमान बाळगून सुखात राहिली असती. ते वाक्य शैलजाला तयार मिळालं होतं. पण दिगंबरच्या तोंडी ते घालायचं धाडस तिला झालं नाही.

"नाही. त्यानं विचारलं होतं. काही उरलंय का म्हणून. तू उतरेपर्यंत पुरेल एवढं. मी नाही म्हणाले."

शर्वरी आत गेली. कपाट उघडल्याचा, बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती बाहेर आली तेव्हा साडी बदललेली होती आणि बॅग खांद्याला होती.

"शरू, चहा तरी..."

"तुम्ही बरोबर केलंत, आत्ती," शर्वरी म्हणाली. आजवर तिनं आत्तीला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. "मी रागावलेले नाही. तुमच्या जागी मी असते तर कदाचित मी पण तेच केलं असतं. पण मी आता इथं येणार नाही."

ती खाली वाकली, रीतीप्रमाणे आत्तीच्या पाया पडली, आणि गेली. शैलजा दारात उभी राहून रस्त्याच्या वळणापर्यंत तिच्याकडं बघत राहिली. मग आत येऊन तिनं तीन खोल्यांची दारं एकेक करून लावली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा, शेजारपाजार ऐकतोय की नाही याची पर्वा न करता, मोठ्यानं रडली.